मर्जी आणि अभयवचन : सरकारी नोकराच्या सेवासंरक्षणाचा पूर्वेतिहास

१

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे दोन तालुके. शहापूर तालुक्याचे जुने नाव कोळवण. माहुलीचा किल्ला आणि कसाऱ्यावरून थळघाट चढणारा लोहमार्ग या तालुक्यात येतो. नाणेघाट, माळशेज घाट व सिद्धगड यांच्या पायथ्याचा मुलूख मुरबाडकडे मोडतो. सह्याद्रीचा माथा ही दोन्ही तालुक्यांची पूर्वसीमा होय. शहापूरच्या बाजूने घाट चढून गेले म्हणजे इगतपुरी व अकोले हे तालुके लागतात, मुरबाडच्या बाजूने जुन्नर लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा माथा केवळ कोकण व देश यांना वेगळे करीत नव्हता. पुणे, नगर व नाशिक हे जिल्हे मुंबई इलाख्याच्या मध्य विभागात होते आणि त्या विभागाच्या कमिशनरचा अंमल घाटमाथ्यापाशी येऊन थांबत असे.

या मध्य विभागात १८८८ व १८८९ या दोन वर्षांत जे प्रकरण घडले ते ‘क्रॉफर्ड प्रकरण’ या नावाने प्रसिद्ध आहे. लोकमान्य टिळकांच्या चरित्रात त्याचा उल्लेख येतो, लॉर्ड रे यांच्या कारकीर्दीच्या वर्णनातही येतो. परंतु हे प्रकरण बहुधा एका लाचखाऊ गोऱ्या अधिकाऱ्याची कथा म्हणून सांगितले जाते. प्रस्तुत लेखात ते निराळ्या बाजूने पाहावयाचे आहे. वरिष्ठाविरुद्ध खरे बोलणाऱ्या कनिष्ठ सरकारी नोकराचे पुढे काय होते, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम उघडपणे व मोठ्या प्रमाणावर या प्रकरणात उपस्थित झाला. त्या वेळी त्याला जे उत्तर मिळाले त्याची छाया पुढील शंभरांहून अधिक वर्षांच्या कायद्यावर पडलेली दिसते.

नोकरास कामावरून दूर केले असता दोन प्रश्न विचारता येतात. पहिला प्रश्न असा की, त्याचे म्हणणे रीतसर ऐकून घेतले काय? दुसरा असा की, त्याला खरोखर कशासाठी दूर केले? पहिला प्रश्न रीतीचा आहे, दुसरा हेतूचा. आपल्या सेवाविषयक कायद्याने पहिला प्रश्न विचारावयास बराच काळ घेतला. परंतु एकदा विचारल्यावर तो चांगला पक्का केला. दुसरा प्रश्न मात्र तो आजही कचरत विचारतो. असे का झाले, हे समजून घेण्यास मामलेदारांच्या कथेचा उपयोग होतो.

२

इंग्रजी अमदानीत तालुक्याचा कारभार मामलेदाराच्या हाती असे. वसुली त्याने करावयाची, फौजदारी अधिकार त्याने चालवावयाचे, आणि १८७६ च्या मामलेदार कोर्टांच्या कायद्यान्वये जमिनीच्या कब्जाचे दावेही त्याने ऐकावयाचे. खेड्यातील माणसाला सरकार म्हणून जे दिसे ते मामलेदार, त्याच्या हाताखालील कारकून आणि गावचा तलाठी यांच्याच रूपाने. खाली पाहताना मामलेदार मोठा होता. वर पाहताना मात्र त्याच्या पायाखाली जमीन नव्हती. त्याची नेमणूक, बढती व बदली यांत कमिशनरचा शब्द निर्णायक ठरे.

इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेतील एक जुने तत्त्व या सर्व रचनेच्या बुडाशी होते. राजाचा नोकर राजाची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतो, हे ते तत्त्व. मर्जी गेली की पद गेले. त्याबद्दल कोर्टात दाद मागता येत नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १८९६ साली डन यांच्या खटल्यात हे पुन्हा स्पष्ट केले. ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या नोकरालाही मुदतीपूर्वी दूर करता येते, कारण राजाचा तो हक्क करारानेही बांधला जात नाही, असा त्या निकालाचा आशय होता. मराठीत ‘खप्पामर्जी’ हा शब्द पूर्वीपासून आहे. दरबारी जीवनाचा अनुभव असलेल्या लोकांना हे तत्त्व कोणी नव्याने समजावून देण्याची गरज नव्हती.

अर्थात सर्वच नोकर सारख्याच प्रमाणात मर्जीवर अवलंबून नव्हते. लोकसेवकांच्या चौकशीसंबंधीचा १८५० चा ३७ वा कायदा या दृष्टीने फार बोलका आहे. त्या कायद्यान्वये आरोप लेखी मांडावे लागत, आरोपीस त्यांची प्रत द्यावी लागे, त्यास साक्षीदारांची उलटतपासणी करता येई आणि आपला बचाव मांडता येई. आजच्या खातेनिहाय चौकशीचे सर्व मुख्य अवयव त्यात आहेत. परंतु सरकारच्या मंजुरीवाचून ज्यांना काढता येत नाही अशा नोकरांपुरताच हा कायदा होता. म्हणजे उघड चौकशीचा मान उच्चपदस्थांचा. खालच्यांच्या बाबतीत वरिष्ठाचा शेरा पुरेसा.

शिवाय काढून टाकणे हा मर्जीचा अखेरचा उपाय होता, एकमेव नव्हे. त्याहून सोपे व निःशब्द हत्यार म्हणजे बदली. न्यायमूर्ती रानडे पुण्यात सार्वजनिक कार्याच्या केंद्रस्थानी असताना १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या आणि पुण्यातील वाड्यांना लागलेल्या आगींच्या सुमारास, १८७९ मध्ये, त्यांना धुळ्यास पाठविण्यात आले व तेथे त्यांच्या टपालावरही नजर ठेवली गेली. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे पुण्याच्या सरकारी शाळेत शिक्षक असता ‘निबंधमाला’ लिहीत होते. त्यांची रत्नागिरीस बदली झाली. पुढे त्यांनी ती नोकरी सोडली आणि १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. या बदल्या सूडाच्या होत्या असे सरकारी कागद म्हणत नाही. बदलीच्या हुकुमात कारण लिहावे लागत नसे, हेच तिचे सामर्थ्य होते. शास्त्रीबोवांपाशी लेखणी होती व मित्रमंडळ होते, म्हणून त्यांना नोकरी सोडून उभे राहता आले. पन्नाशीकडे झुकलेल्या, मुलांची लग्ने व्हावयाची असलेल्या एखाद्या मामलेदाराला ते कोठून साधावे?

३

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे १८६५ पासून काही वर्षे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. मुंबईची मंडई त्यांच्याच नावाने दीर्घकाळ ओळखली गेली. कर्तबगार, खर्चीक आणि कायम कर्जात बुडालेले अशी त्यांची ख्याती होती. पुढे ते मध्य विभागाचे कमिशनर झाले आणि त्यांचा मुक्काम पुण्यास पडला. त्यांच्या नावाने पैसे घेतले जातात, बढतीला दर आहे, सोयीच्या बदलीला दर आहे, गैरसोयीची बदली टाळण्यालाही दर आहे, अशी कुजबुज कित्येक वर्षे चालू होती. मध्यस्थ म्हणून हणमंतराव जहागीरदार यांचे नाव घेतले जाई.

बदलीचा येथे कसा उपयोग होत असे हे लक्षात घेतले पाहिजे. मामलेदाराला दूरच्या किंवा रोगट तालुक्यात पाठविण्याची नुसती शक्यता त्याच्या मनात उभी केली की पुरे. रानावनातील तालुके हिवतापासाठी कुप्रसिद्ध होते. तेथे कुटुंब नेणे म्हणजे जिवाशी खेळ, आणि न नेणे म्हणजे दोन चुली. वरिष्ठाला धमकी द्यावी लागत नसे. बदलीचा हुकूम हीच धमकी आणि तो रद्द होणे हीच पावती.

लॉर्ड रे १८८५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्या सरकारने १८८८ मध्ये या कुजबुजीचा छडा लावण्याचे मनावर घेतले व पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल ओमॅनी यांच्याकडे तपास सोपविला. अडचण उघड होती. लाच देणारा व लाच घेणारा यांच्याखेरीज व्यवहाराचा साक्षीदार नाही. आणि देणारा बोलला तर तोही गुन्हेगार ठरतो. म्हणून सरकारने अभयवचनाचा मार्ग काढला. जे मामलेदार खरी हकीकत सांगतील त्यांच्यावर खटला होणार नाही व त्यांच्या नोकरीस धक्का लागणार नाही, असे आश्वासन देण्यात आले. या शब्दावर विसंबून मामलेदार पुढे आले. आपण कमिशनरसाहेबांसाठी पैसे दिले, हे त्यांनी शपथेवर सांगितले.

जहागीरदार यांच्यावर खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. क्रॉफर्ड यांची चौकशी मात्र १८५० च्या कायद्याप्रमाणे तीन सदस्यांच्या आयोगापुढे पुण्यास झाली. कलकत्त्याच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन हे आयोगाचे अध्यक्ष होते. नामांकित बॅरिस्टर, शेकडो कागद, दिवसेंदिवस चाललेल्या उलटतपासण्या, असा तो सोहळा होता. आयोगाने क्रॉफर्ड यांना लाचेच्या आरोपांतून मुक्त केले. आपल्या अधिकाराखालील प्रदेशातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका मात्र त्यांच्यावर राहिला आणि त्यावरून १८८९ मध्ये भारतमंत्र्यांनी त्यांना नोकरीतून दूर केले.

४

आता प्रश्न उरला मामलेदारांचा. त्यांची स्थिती चमत्कारिक झाली. ज्याला लाच दिली असे ते म्हणत होते तो लाचेच्या बाबतीत निर्दोष ठरला. ज्यांनी लाच दिली असे स्वतःच्या तोंडाने कबूल केले ते मात्र त्या कबुलीनेच दोषी ठरले. मुंबईच्या व विलायतेच्या इंग्रजी पत्रांनी ओरड केली की, लाच देऊन पद मिळविलेली माणसे न्यायाच्या खुर्चीवर कशी बसू शकतात? पदांच्या खरेदी-विक्रीस मनाई करणाऱ्या १८०९ च्या इंग्रजी कायद्याकडे बोट दाखविण्यात आले. त्या कायद्याने पद विकत घेणारा अपात्र ठरत होता. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. गव्हर्नरने दिलेले वचन कायद्याहून मोठे असू शकत नाही, हा या सर्वांचा रोख होता.

या आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. मामलेदाराने कमिशनरला दिलेला पैसा मामलेदाराच्या पगारातून आला असेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. तो अखेर रयतेकडूनच येणार. वरच्याला द्यावे लागते म्हणून खालच्याकडून घेणे आणि खालच्याकडून घेता येते म्हणून वरच्याला देणे, हे चक्र एकदा फिरू लागले की दबाव कोठे संपतो व सोय कोठे सुरू होते, हे सांगणे अवघड होते. अशा माणसाच्या हाती फौजदारी अधिकार ठेवावे काय, हा प्रश्न कोणाही निःपक्षपाती माणसाला पडला असता. या कथेत पूर्णपणे निर्मळ असा पक्ष नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने मान्य केले पाहिजे.

तरीही अभयवचनाचा प्रश्न वेगळाच राहतो. मामलेदारांची कबुली सरकारने मागितली होती. ती नसती तर प्रकरण उभेच राहिले नसते. सरकारने कबुली घेतली, तिचा उपयोग केला, आणि मग तीच पुरावा म्हणून कबुली देणाराविरुद्ध वापरली जाऊ लागली. पुण्यात सप्टेंबर १८८९ मध्ये या अन्यायाविरुद्ध जाहीर सभा झाली व टिळकांनी मामलेदारांची बाजू हिरिरीने मांडली. या वादात इंग्लंडच्याच इतिहासातील एक पूर्वाधार महत्त्वाचा आहे. लॉर्ड चॅन्सलर मॅकल्सफील्ड यांच्यावर १७२५ मध्ये पदे विकल्याबद्दल पार्लमेंटात खटला चालला, तेव्हा पैसे भरून पदे मिळविलेल्या चॅन्सरीच्या अधिकाऱ्यांना साक्ष देता यावी म्हणून पार्लमेंटाने आधी त्यांना कायद्याने अभय दिले होते. म्हणजे वचनाला कायद्याचे बळ पुढे द्यावयाचे नसते, आधी द्यावयाचे असते. मुंबई सरकारने क्रम उलटा केला आणि त्याची किंमत साक्षीदारांना मोजावी लागली.

अखेर हिंदुस्थान सरकारने १८८९ मध्ये साक्षीदारांना अभय देणारा कायदा केला. त्याने खटल्यांपासून त्यांचे रक्षण झाले. परंतु नोकरीच्या बाबतीत भेद करण्यात आला. दबावाखाली ज्यांनी पैसे दिले त्यांना ठेवावे. पद वा बढती मिळविण्यासाठी आपण होऊन ज्यांनी पैसे दिले त्यांना दूर करावे, असे धोरण ठरले. जे दूर झाले त्यांना, वचन दिलेले असल्यामुळे, पैशाच्या रूपाने भरपाई देण्याची तोड काढण्यात आली.

या तोडग्यातील मेख बारकाईने पाहण्याजोगी आहे. दबाव कोणता व स्वेच्छा कोणती, हे कोणत्याही न्यायालयाने ठरविले नाही. क्रॉफर्ड यांना बॅरिस्टर मिळाले, आरोपपत्र मिळाले, उलटतपासणीचा हक्क मिळाला. मामलेदारांचा निवाडा मात्र कागदांवरून झाला, आणि तोही त्यांनी सरकारच्या विनंतीवरून दिलेल्या जबान्यांच्या आधारे. शिवाय भरपाई मिळाली ती हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून. वचन मोडल्याबद्दल सरकारवर दावा लावण्याची सोय त्या काळच्या कायद्यात नव्हती. मर्जीने वचन दिले, मर्जीने ते मागे घेतले, मर्जीनेच मोबदला दिला.

या प्रकरणाचा परिणाम किती खोल झाला असेल ते मोजण्याचे साधन नाही. परंतु तालुक्याच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाने त्यातून कोणता धडा घेतला असेल, याविषयी फारसा संशय नको. वरिष्ठ दोषी असो वा नसो, बोलणारा बुडतो. हा धडा घाटमाथ्यावर शिकविला गेला तरी घाटाखालच्या कचेऱ्यांना तो ऐकू न जाण्याचे काही कारण नव्हते. क्रॉफर्ड यांनी पुढे आठवणींची पुस्तके लिहिली. मामलेदारांपैकी कोणी लिहिल्याचे प्रसिद्ध नाही.

५

पुढील साठ वर्षांचा कायद्याचा इतिहास म्हणजे मर्जीला रीतीचे कुंपण घालण्याचा इतिहास होय. १९१९ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने असे ठरविले की, ज्याने नेमले त्याच्याहून खालच्या अधिकाऱ्याने नोकराला बडतर्फ करू नये. १९३५ च्या कायद्याच्या २४० व्या कलमाने आणखी एक पाऊल टाकले : बडतर्फ करण्यापूर्वी किंवा हुद्दा कमी करण्यापूर्वी कारण दाखविण्याची वाजवी संधी नोकराला दिली पाहिजे.

कुंपणाची ही काठी किती महत्त्वाची होती हे मद्रासच्या एका खटल्यावरून दिसते. तेथील सरकारी मुद्रणालयातील एक नोकर, व्यंकटराव, यांना गुप्त मजकूर फुटल्याच्या संशयावरून दूर करण्यात आले. नियमांत चौकशीची पद्धत सांगितलेली होती. ती पाळली गेली नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९३० नंतरच्या दशकात निर्णय दिला की, नियम मोडले हे दुर्दैव खरे, पण ते नियम म्हणजे कोर्टात बजावता येण्याजोगा हक्क नव्हे. याउलट १९४८ मध्ये आय. एम. लाल या सनदी अधिकाऱ्याच्या खटल्यात तेच प्रिव्ही कौन्सिल म्हणाले की, २४० वे कलम खुद्द कायद्यातच असल्यामुळे ते न पाळता केलेली बडतर्फी निरर्थक आहे. नियमातील शब्द आणि कायद्यातील शब्द यांत नोकराच्या आयुष्याएवढे अंतर होते.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने दोन्ही तत्त्वे शेजारी ठेवली. ३१० व्या अनुच्छेदात राष्ट्रपतीची किंवा राज्यपालाची मर्जी आली. ३११ व्या अनुच्छेदात त्या मर्जीवरील बंधने आली. बडतर्फी, सेवेतून काढणे व पदावनती या तिन्हींपूर्वी आरोप कळविणे व वाजवी संधी देणे आवश्यक ठरले. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षेच्या प्रमाणाबद्दल म्हणणे मांडण्याची दुसरी संधी काढून घेतली. आरोपांबाबतची पहिली संधी मात्र राहिली.

क्रॉफर्ड प्रकरणातील मामलेदारांच्या एका उत्तराधिकाऱ्याने या कुंपणाचा उपयोग करून दाखविला, ही गोष्ट येथे नोंदविण्यासारखी आहे. माधव लक्ष्मण वैकुंठे हे मुंबई राज्याच्या महसूल खात्यातील मामलेदार. डेप्युटी कलेक्टरच्या जागी ते हंगामी काम करीत असता, प्रवासभत्ता जादा घेतल्याच्या आरोपावरून १९४८ मध्ये त्यांना तीन वर्षांसाठी परत मामलेदार करण्यात आले. सरकारचे म्हणणे असे की, हंगामी जागेवरून मूळ जागी पाठविणे ही शिक्षा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. हुकुमाला नाव काहीही द्या. परिणाम शिक्षेचा असेल तर ती पदावनतीच होय आणि तिच्यापूर्वी घटनेने सांगितलेली संधी दिलीच पाहिजे. १८८९ मध्ये मामलेदाराला जे विचारण्याची सोय नव्हती ते ७२ वर्षांनी एका मामलेदाराने देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे विचारले व त्याचे उत्तर मिळविले. मात्र तोवर ते सेवानिवृत्त झालेले होते. कायदा जिंकला, नोकरीची वर्षे परत आली नाहीत.

६

येथवर जे सांगितले ते पहिल्या प्रश्नाविषयी, म्हणजे रीतीविषयी, झाले. आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळावयाचे. शिक्षा रीतसर झाली, नोटीस गेली, चौकशी अधिकारी नेमला, अहवाल आला. पण हे सर्व मुळात एखादे बिंग फोडल्याच्या रागातून सुरू झाले असेल तर?

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये पुरुषोत्तमलाल धिंग्रा यांच्या खटल्यात एक भेद केला. अस्थायी किंवा हंगामी नोकराला नियमांप्रमाणे दूर करण्याचा अधिकार सरकारला असेल, तर तो वापरताना सरकारच्या मनात कोणता हेतू होता हे सहसा पाहू नये. दोषारोप हा त्या हुकुमाचा पाया असेल तरच ती शिक्षा समजावी. हेतू आणि पाया यांतील हा भेद तर्काला धरून आहे. परंतु व्यवहारात तो वरिष्ठाच्या सोयीचा ठरतो. चतुर अधिकारी पाया कागदावर येऊ देत नाही आणि हेतू मनातच ठेवतो. १९७४ च्या समशेरसिंग यांच्या खटल्यात हुकुमाच्या शब्दांमागील वस्तुस्थिती पाहण्याची तयारी न्यायालयाने अधिक स्पष्टपणे दाखविली, हे खरे. पण सिद्ध करण्याचे ओझे नोकराच्याच डोक्यावर राहिले.

हेतू उघडा पडून नोकर जिंकल्याचे ठळक उदाहरण म्हणजे पंजाबचे सिव्हिल सर्जन प्रतापसिंग यांचे. निवृत्तीच्या तोंडावर त्यांची रजा रद्द करून त्यांना निलंबित केले गेले व चौकशी सुरू झाली. मुख्यमंत्र्यांच्या कुटुंबाच्या मनाविरुद्ध वागल्यामुळे हे घडले, असा त्यांचा आरोप होता. १९६३ मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी तो मान्य केला व हुकूम रद्द केले. दोघांना पुरावा पुरेसा वाटला नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीही तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले, यावरून हेतू सिद्ध करणे किती कठीण आहे याची कल्पना यावी. १९७३ मध्ये रोयाप्पा यांच्या खटल्यात मनमानी ही समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, हे सुप्रसिद्ध तत्त्व मांडले गेले. पण त्याच खटल्यात आकसाचा आरोप सिद्ध करण्याचा भार फार मोठा असतो, असेही सांगितले गेले आणि रोयाप्पा हरले.

बदलीच्या बाबतीत महाराष्ट्राने एक निराळा प्रयत्न केला. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून अमलात आला. बदलीची सर्वसाधारण मुदत, बदल्यांचा महिना व सक्षम अधिकारी त्याने ठरवून दिले. मुदतपूर्व बदलीस लेखी कारणे लागतील असे म्हटले. निःशब्द हत्याराला बोलके करण्याचा हा प्रयत्न होता. रानडे व चिपळूणकर यांच्या बदल्यांच्या हुकुमात जे लिहावे लागले नाही ते आता लिहावे लागते. सोमेश तिवारी यांच्या २००८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही, शिक्षेऐवजी केलेली बदली बेकायदा ठरते, असे सांगितले. तथापि ‘प्रशासकीय निकड’ हे दोन शब्द कोणत्याही हुकुमात सहज मावतात. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदाही २०१४ मध्ये संमत झाला, पण त्यानंतर कित्येक वर्षे लोटली तरी तो अमलात आणणारी अधिसूचना निघाली नाही. अभयवचन कागदावर आले. त्याला बळ देणे मागे राहिले. हा क्रम १८८९ ची आठवण करून देणारा आहे.

७

आता पुन्हा घाटाखाली येऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात जो बहुतांशी ग्रामीण व आदिवासी मुलूख उरला त्यात शहापूर व मुरबाड हे प्रमुख होत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्यापाड्यांतून सरकार ज्यांच्या रूपाने पोहोचते ते लोक म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेविका, कोतवाल, पोलीस पाटील आणि अंगणवाडी सेविका. रस्ता कागदावरच झाला, पोषण आहार पोहोचला नाही, हजेरीपटावर खोटी नावे आहेत, हे प्रथम कळते ते यांनाच. म्हणून यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा केवळ यांच्या पोटाचा नसून, पाड्यावरच्या माणसापर्यंत सत्य पोहोचण्याचा व तेथून वर जाण्याचा आहे.

पण कायद्याचे छत्र या सर्वांवर सारखे नाही. तलाठी हा राज्य शासनाचा नोकर. त्याला ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे आणि १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. शिक्षक व ग्रामसेवक १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे. त्यांच्यासाठी १९६४ चे शिस्त व अपील नियम आहेत आणि वाट विभागीय आयुक्तांकडून उच्च न्यायालयाकडे जाते. अंगणवाडी सेविकेची स्थिती सर्वांत नाजूक. २००६ मध्ये अमीरबी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाहीत. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क दिला. परंतु ३११ वा अनुच्छेद त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. वेतन नव्हे, मानधन. पद नव्हे, काम. १८५० च्या कायद्याने उच्चपदस्थ व इतर यांत जी रेषा ओढली होती ती पुसली गेली नाही. ती फक्त खाली सरकली.

अंतराचाही विचार केला पाहिजे. मुरबाड तालुक्याला रेल्वे नाही. तेथील एखाद्या कर्मचाऱ्याने दाद मागावयाचे म्हटले म्हणजे एस.टी.ने कल्याण, तेथून लोकलने मुंबई, वकिलाची फी आणि तारखेगणिक बुडालेला दिवस. ज्याला काढले आहे त्याचा पगार बंद असतो. ज्याने काढले आहे त्याचा खटला सरकारी खर्चाने चालतो. निकाल नोकराच्या बाजूने लागला तरी तो वैकुंठे यांच्याप्रमाणे निवृत्तीनंतर लागण्याची शक्यता फार. या विषमतेमुळे कायद्याने दिलेले पुष्कळसे संरक्षण न वापरताच पडून राहते.

क्रॉफर्ड प्रकरणातून निघणारा निष्कर्ष असा की, साक्षीदाराचे संरक्षण साक्षीच्या आधी करावयाचे असते. ते कृपेवर ठेवावयाचे नसते, हक्क म्हणून द्यावयाचे असते. आणि केवळ खटल्यापासून नव्हे, तर बदलीपासून, गोपनीय शेऱ्यापासून व नोकरी जाण्यापासूनही द्यावयाचे असते. शिक्षेपूर्वी नोकराने वरिष्ठाविरुद्ध तक्रार वा साक्ष दिली असेल, तर त्या शिक्षेमागे आकस नव्हता हे वरिष्ठाने सिद्ध करावे, अशी तरतूद झाल्याखेरीज हेतूचा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारला जाणार नाही. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाणे ही दिसावयास लहान गोष्ट आहे. परंतु सेवाविषयक कायद्याच्या आजवरच्या इतिहासात नेमकी तीच राहून गेली आहे.

मुंबईच्या मंडईला पुढे महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. तरी लोक अजून तिला क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. ज्या मामलेदारांनी सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून तोंड उघडले त्यांची नावे मात्र जुन्या दप्तरांतच पडून आहेत. ती दप्तरे उघडून, कोणाला ठेवले, कोणाला काढले व कोणत्या कारणाने, याची नीट छाननी कोणी तरुण अभ्यासकाने करावी, इतके ते काम महत्त्वाचे आहे.